गळकाठीची कुपा मासेमारी (लक्षद्वीप)

लक्षद्वीपच्या बेटांवर चालणारी, काठीला दोरी व गळ बांधून कुपा मासे एकेक करून पकडण्याची पद्धत. हिच्यात कुपा पकडायला जाळे वापरत नाहीत. खारकच्छातून (बेट आणि प्रवाळभिंत यांच्यामधल्या उथळ पाण्यातून) पकडून आणलेले चिमुकले जिवंत मासे समुद्रात फेकून कुप्यांचा थवा होडीभोवती खिळवून ठेवतात आणि तो तिथे आहे तेवढ्या वेळात गळ टाकतात. कोकणात कुपा किंवा गेदर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशांच्या कुळातला, पोटावर काळसर आडव्या रेषा असलेला एक छोटा कुपा (कॅट्सुवोनस पेलॅमिस) हे या मासेमारीचे मुख्य लक्ष्य. त्याच थव्यांत फिरणारे पिवळ्या परांच्या कुप्याचे लहान मासेही गळाला लागतात.

ही पद्धत मूळची मालदीवची. भारतात ती मिनिकॉय बेटावर जुन्या काळापासून होती. मिनिकॉय हे लक्षद्वीपचे दक्षिण टोक आहे, कोचीपासून सुमारे ४०० किमी अंतरावर. इथले लोक मालदीवच्या धिवेहीचीच बोली असलेली महल भाषा बोलतात आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या थाना लिपीत लिहितात. उरलेल्या लोकवस्तीच्या बेटांवर मलयाळमला जवळची जेसरी बोलली जाते, आणि तिथे गळकाठीचा हा धंदा पूर्वी नव्हता. १९६० च्या दशकात मत्स्य विभागाने यांत्रिक होड्या आणल्या, मिनिकॉयचे कसब इतर बेटांवरच्या तरुणांना शिकवले, आणि अगत्ती, कवरत्ती, बित्रा अशा बेटांवर ते रुजले. एका बेटाचे ज्ञान सरकारी प्रयत्नाने शेजारच्या बेटांवर पोहोचून टिकले, अशी उदाहरणे आपल्या किनाऱ्यावर फार नाहीत. या उदाहरणाची दखल मुख्य भूमीवर पुरेशी घेतली गेलेली नाही.

खारकच्छ आणि आमिष. लक्षद्वीपची बेटे प्रवाळांनी बांधलेल्या कंकणद्वीपांवर (कड्याच्या आकाराच्या प्रवाळरांगांवर) उभी आहेत. बहुतेक ठिकाणी जमीन पूर्वेच्या कडेला असते. पश्चिमेला उथळ, शांत खारकच्छ पसरलेले असते आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला लाटा फोडणारी प्रवाळभिंत. (आंद्रोत याला अपवाद. क्षेत्रफळाने ते मोठे, पण खारकच्छ तिथे जवळपास नाहीच.) सगळ्या बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौ. किमी आहे, तर खारकच्छांचे क्षेत्र सुमारे ४,२०० चौ. किमी. इथल्या माणसांचे शेत म्हणावे ते हे पाणीच.

कुपा भर समुद्रात मिळतो, खारकच्छात नव्हे. पण त्याला लागणारे जिवंत आमिष खारकच्छातच मिळते. वाळूवरच्या उथळ पाण्यात थव्याने फिरणारे बोटाएवढे चंदेरी मासे सर्वांत पसंतीचे. ते कमी पडले की प्रवाळांच्या फटींत राहणारे छोटे लालसर मासे, प्रवाळाच्या उतारांवर दिसणाऱ्या जातींची पिल्ले आणि फांद्यांच्या प्रवाळात लपणारे क्रोमिस नावाचे निळसर-हिरवे मासे यांच्याकडे वळतात. पहाटे काही जण पाण्यात उतरतात, चौकोनी जाळे पाण्याखाली पसरतात, माशाचा बारीक केलेला चुरा त्यावर टाकतात किंवा थवा हाकत जाळ्यावर आणतात, आणि चारही कोपरे एकदम उचलतात. पकडलेले मासे हाताळताना विलक्षण काळजी घ्यावी लागते. खवले घासले गेले तरी ते थोड्याच वेळात मरतात, आणि मेलेल्या आमिषाकडे कुपा ढुंकूनही पाहत नाही. म्हणून होडीच्या पोटातच टाकी असते. तिच्या तळाला भोके असतात आणि होडी चालत असताना त्यांतून ताजे समुद्राचे पाणी आत-बाहेर खेळत राहते. बंदरात परतताना भोके बुचांनी बंद करून टाकी उपसली की तिथेच पकडलेला माल ठेवता येतो.

गळ टाकणे. आमिष भरले की होडी प्रवाळभिंतीतल्या खिंडीतून बाहेर पडते. थवा शोधायचा तो पक्ष्यांवरून. काळ्या पाठीचे सुरय आणि तपकिरी नॉडी जिथे पाण्यावर घिरट्या घालून खाली सूर मारतात, तिथे कुप्यांनी लहान मासे खालून वर रेटलेले असतात. कवरत्तीजवळच्या पिट्टी या जेमतेम सव्वा हेक्टरच्या वाळूच्या बेटावर हे पक्षी अंडी घालतात. ते बेट पक्षी अभयारण्य आहे, आणि तिथल्या घरट्यांशी मच्छीमारांच्या कमाईचा असा थेट संबंध आहे.

थवा सापडला की टाकीजवळचा एक माणूस मूठ-मूठ आमिष पाण्यात उधळू लागतो. त्याच वेळी होडीच्या मागच्या बाजूने पाण्याचे तुषार उडवले जातात. पूर्वी हे काम हाताने पाणी मारून होई, आता पंपाने होते. पृष्ठभाग असा खळबळला की खालून सारे धूसर दिसते, जणू लहान माशांचा मोठा थवा उसळतो आहे, आणि होडी व माणसे कुप्याला दिसत नाहीत. मागच्या फळीवर शेजारी शेजारी उभे असलेले गळकरी मग काठ्या टाकतात. गळाला आमिष लावलेले नसते. चकाकत्या धातूचा तो गळ खवळलेल्या कुप्याला मासाच वाटतो. गळाला उलटा काटाही नसतो. मासा लागला की काठी एका झटक्यात मागे घ्यायची. मासा डोक्यावरून होडीत येतो, दोरी सैल पडताच आपोआप सुटतो, आणि गळ पुन्हा पाण्यात. सगळे मिळून हा खेळ काही मिनिटे चालतो. थवा खोल गेला किंवा आमिष संपले की संपला. आमिष उधळणाऱ्याचा हात सैल असेल तर टाकी लवकर रिकामी होते, आखडता असेल तर थवा निघून जातो. गळकऱ्यांच्या दंडातल्या बळाइतकेच त्याच्या अंदाजाला मोल आहे, असे मला वाटते.

या पद्धतीत कासव, डॉल्फिन किंवा नको असलेले इतर मासे जवळपास सापडतच नाहीत. एक माणूस एका वेळी एकच मासा काढतो, हीच तिची मर्यादा आणि हेच तिचे मोठेपण. मालदीवच्या गळकाठीच्या कुप्याला २०१२ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या, साठा राखून केलेल्या मासेमारीला मान्यता देणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले. तिथला माल त्या ओळखीवर युरोपच्या बाजारात विकला जातो.

हंगाम साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मेपर्यंत. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की खिंडीतून बाहेर पडणे धोक्याचे होते आणि यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. हंगामात अगत्ती व कवरत्तीचे मच्छीमार सुहेलीसारख्या निर्जन कंकणद्वीपावर तळ ठोकतात, तिथेच मासे उकडतात, वाळवतात आणि पावसाआधी घरी परततात.

मास. बर्फ व शीतगृहे नसलेल्या काळात कुपा टिकवण्याची जी रीत रूढ झाली, ती आजही चालू आहे. डोके व आतडी काढून माशाचे लांब तुकडे करतात, ते मिठाच्या पाण्यात उकडतात, नारळाच्या सोडणांच्या व लाकडाच्या धुरावर धरतात आणि उन्हात कडकडीत वाळवतात. तयार झालेल्या या ‘मास’ला लाकडाचा टणकपणा येतो. तो किसून नारळाबरोबर खातात. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये राहिलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने याच प्रकारच्या धुरी दिलेल्या माशाचे वर्णन केले आहे, आणि तो भारत, चीन व येमेनला जात असल्याचेही नोंदवले आहे. उकडल्यानंतर उरलेले पाणी आटवून गडद रंगाचा घट्ट ‘रिहाकुरू’ करतात. मिनिकॉयला कुपा डबाबंद करणारा सरकारी कारखानाही आहे.

प्रवाळांची पडझड. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले आणि लक्षद्वीपमधले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. प्रवाळाच्या ऊतींत राहणारी एकपेशीय शैवाले उष्णतेने बाहेर टाकली जातात. प्रवाळाचे बहुतेक अन्न तीच बनवत असल्यामुळे ती आठवडेच्या आठवडे परतली नाहीत तर तो मरतो. फांद्यांचे प्रवाळ सर्वांत आधी जातात आणि लाटांनी त्यांचा चुरा होतो. त्यांच्या आधाराने राहणारे आमिषाचे मासे मग कुठे राहणार? समुद्रात कुपा असूनही टाकी रिकामी असल्याने होडी बाहेर जात नाही, हे या धंद्यावरचे खरे संकट आहे. कुप्याच्या साठ्याची चर्चा पुष्कळ होते, आमिषाची फारशी नाही.

पर्यटनाचा विचारही इथूनच व्हायला हवा. बेटांवर जायला भारतीयांनाही परवाना लागतो. विमानतळ अगत्तीला आहे, बाकी प्रवास बहुतांशी कोचीहून जहाजाने. येणाऱ्याला जे निळे पाणी पाहायचे असते, तेच आमिषाचे पाणी आहे. मिनिकॉय, सुहेली व कदमत इथे खारकच्छाच्या पाण्यावर व्हिला उभारण्याचे प्रस्ताव पुढे आलेले आहेत. खांब रोवताना व गाळ उपसताना उठणारी माती नेमकी त्याच उथळ वाळूवर आणि प्रवाळावर बसेल.

दुसरा प्रश्न मासेमारीच्या साधनांचा. प्रखर दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात) बंदी घातली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे पारंपरिक मच्छीमार ज्या एलईडी मासेमारीविरुद्ध वर्षानुवर्षे लढत आहेत, तीच ही. अशी बंदी पाळली जाते की नाही यावर गळकाठीचेही बरेच काही अवलंबून आहे. काही बेटांवर दक्षिण फाउंडेशन या संस्थेबरोबर मच्छीमार स्वतःच आपल्या मासेमारीच्या नोंदी वहीत ठेवतात.