मजा आणि तलफ

व्यसनी माणूस मजेसाठी नशा करतो, ही समजूत विज्ञानात पक्की झाली ती एका चुकलेल्या तारेमुळे. माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवून प्रयोग करत होते. एका उंदराच्या डोक्यात तार भलत्याच जागी बसली. विजेचा झटका बसल्यावर खरं तर तिथून पळ काढायचा, तर हा पठ्ठ्या जिथे झटका मिळाला त्याच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा जाऊ लागला. मग कळच उंदरांच्या स्वाधीन केली. काही उंदीर ती तासाला शेकडो वेळा दाबत. हे १९५४ साली छापून आलं आणि मेंदूतल्या ‘सुखाच्या केंद्रा’ची चर्चा सुरू झाली.

पुढे या केंद्राशी डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची सांगड घातली गेली. डोपामिन अडवलं की सुखच वाटेनासं होतं, असं संशोधक रॉय वाइझ यांनी १९८२ साली मांडलं. त्यांनी स्वतः नंतर हे मत सोडलं. व्हॉट्सअॅपवर मात्र डोपामिन अजून ‘आनंदाचं रसायन’ म्हणूनच फिरतंय.

मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९८९ साली उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून पाहिलं. उंदीर समोरच्या अन्नाला तोंड लावेनात. पण कुणी तोंडात साखरपाणी सोडलं, की पूर्वीसारख्याच जिभल्या चाटायचे. म्हणजे गोडी शाबूत होती, गेली होती ती ओढ. १९९३ साली दोघांनी हेच व्यसनाला लावलं : अमली पदार्थ वारंवार घेतल्याने ओढ वाढत जाते, आवड मात्र वाढत नाही, उलट कमीही होते.

मराठीला यात नवल वाटू नये. मजा आपण लुटतो, तलफ भागवतो. तहान-भुकेचं क्रियापद तिला लावतो.

ही ओढ जागांना आणि वस्तूंना चिकटून राहते. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले बहुतेक अमेरिकन सैनिक घरी परतल्यावर पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत, असं संशोधक ली रॉबिन्स यांच्या पाहणीत दिसलं. मजा त्यांनीही चाखलेली होतीच, पण ती जागा मागे राहिली होती. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, पसरली, १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. बरा झालेला माणूस तिथून परततो तो बहुधा त्याच गल्लीत, त्याच टपरीसमोर. गर्द ओढायची ती चंदेरी पन्नीवर. सिगारेटच्या पाकिटातही तसलीच पन्नी असते.