उन्हात ठेवलेले सेल

मे महिन्यातली परभणी. दुपारी साडेतीनला गच्चीवर जायचं तर चप्पल घालून, आणि तरीही पटापट पावलं टाकत. आईने टीव्हीच्या रिमोटचे दोन सेल कठड्यावर मांडून ठेवले होते. आमच्या घरात सेल संपला म्हणून लगेच फेकत नाहीत, आधी त्याला दोन दिवस ऊन दाखवतात. सुट्टीला आलेल्या दहा वर्षांच्या भाच्याने ते पाहिलं. माझा हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल त्याने सकाळपासून खेळून पार रिकामा केला होता, आणि लाईट गेलेली होती. त्याने तो कन्सोल नेऊन सेलांच्या शेजारी ठेवून दिला.

"मामा, आज्जी म्हणली उन्हानं सेल भरतो."

खाली आणला तेव्हा तो हातात धरवत नव्हता. तासाभराने लाईट आली, चार्जर लावला, तर डबा चार्जिंग घ्यायलाच तयार नाही. माठाशेजारी गार फरशीवर (पाण्यापासून जपून) ठेवला, निवला, मग कुठे घेतलं. मी पोराला रागावलो नाही. एकाच कठड्यावर, एकाच उन्हात आईचे सेल खरोखर थोडे तरतरीत झाले आणि माझा डबा झोपला. असं का, हा प्रश्न त्याच्या वयाला शोभणारा होता आणि माझ्याही.

आधी आईचे सेल. किराणा दुकानात मिळणारा साधा सेल म्हणजे जस्ताचा डबा, मधोमध कार्बनची कांडी, कांडीभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी आणि ओलसर लगदा. वीज ओढली जाते तशी रासायनिक क्रियेची उरलीसुरली घाण कांडीभोवती साचते आणि लगद्यातून विद्युतभारित कणांची, म्हणजे आयनांची, ये-जा मंदावते. सेलात माल शिल्लक असतो, पण तो दारापर्यंत पोचत नाही. आपल्याकडच्या विहिरीसारखंच हे. मोटार दाबून चालवली की विहीर तळाला जाते. म्हणून ती आटली असं नाही, झरे अजून वाहत असतात. मोटार बंद करा, दोन तासांनी पुन्हा हातभर पाणी. सेलाला विसावा दिला की तेच होतं, आणि ऊन दिलं की आयन जास्त चपळ होतात, अडलेला गाळ पसरतो, आतला विरोध कमी होतो. ऊन सेलात नवी ऊर्जा भरत नाही. अडकून पडलेली थोडी मोकळी करतं, इतकंच. (लहानपणी आम्ही सेल दाताने चावायचो, तोही याच जातीचा उपाय. तो कुणी करू नये, आतला लगदा तोंडात जातो.)

म्हणूनच हातातल्या बॅटरीतून, म्हणजे टॉर्चमधून, उतरलेले सेल भिंतीवरच्या घड्याळात जायचे आणि तिथे महिनोन्‌महिने चालायचे. घड्याळाची ओढ अगदी कमी. सेलात किती आहे यापेक्षा तुम्ही किती जोरात ओढता, यावर तो किती देतो हे ठरतं. हातातल्या गेमचा आजवरचा इतिहास मला तरी या एका वाक्यात मावताना दिसतो.

माझा पहिला गेम मामांनी माळेगावच्या जत्रेतून आणला. खंडोबाचं दर्शन, घोड्यांचा बाजार, आणि येताना खेळण्यांच्या पालावरून घेतलेला पिवळा ब्रिक गेम. वर ९९९९ गेम असल्याचं छापलेलं. खरे वेगळे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकी सगळा वेगाचा आणि पातळ्यांचा हिशेब. पडदा म्हणजे १० बाय २०, एकूण २०० चौकोन. दोन पेन्सिल सेलांवर तो आठवडे चालायचा, कारण त्याचा पडदा स्वतः उजेड पाडतच नव्हता.

असा एलसीडी पडदा कमालीचा चिक्कू असतो. दोन काचांमध्ये द्रव स्फटिकाचा पातळ थर, आणि बाहेरून दोन बाजूंना ध्रुवक, म्हणजे ठरावीक दिशेत कंपणारा प्रकाशच जाऊ देणाऱ्या चाळण्या. या चाळण्या एकमेकींना काटकोनात, त्यामुळे एरवी प्रकाश अडलाच पाहिजे. पण मधल्या थरातले रेणू गोल जिन्यासारखे पीळ घेऊन उभे असतात आणि प्रकाशालाही ९० अंशांत वळवून दुसऱ्या चाळणीतून पार करतात. एखाद्या चौकोनाला विजेचा दाब दिला की तिथले रेणू पीळ सोडून सरळ होतात, प्रकाश अडतो, चौकोन काळा. दाब द्यायचा, प्रवाह जवळजवळ नाहीच. उजेड सूर्याचा, फुकट. भर दुपारी लिंबाखाली तो पडदा झक्क दिसायचा, आणि रात्री लोडशेडिंगमध्ये, म्हणजे खेळायला सगळ्यात निवांत वेळी, गेम चालू असून काही दिसायचं नाही.

एकदा मी तो गेम न्हाणीच्या पत्र्यावर विसरलो. काढला तेव्हा पडदा अख्खा काळाठिक्कर. मी रडायला लागलो. आज्जीने तो पदराने पुसून सावलीत ठेवला आणि अर्ध्या तासात पडदा जसाच्या तसा. तिचा हातगुण, असं मी बरीच वर्षं समजत होतो. खरं म्हणजे द्रव स्फटिकाला एक ठरावीक तापमान असतं, त्याच्या वर तो साधा द्रव होऊन जातो. रेणूंची शिस्त मोडते, पीळ जातो, प्रकाश वळत नाही आणि सगळाच पडदा अडतो. निवला की रेणू पुन्हा ओळीत. फ्रीडरिश रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला १८८८ साली हेच उलट्या बाजूने दिसलं होतं. कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ तापवताना तो दोनदा वितळल्यासारखा वाटला, आधी गढूळ झाला, मग अजून तापवल्यावर नितळ. त्या गढूळ अवस्थेतूनच पुढे आपले पडदे आले.

जपानी अभियंता गुनपेई योकोई याने ही कंजुषी धंद्याला लावली. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्याला दिसला, तिथून कल्पना सुचली असं तो सांगायचा. कॅल्क्युलेटरांच्या स्पर्धेमुळे तोवर एलसीडी स्वस्त झालेलेच होते. १९८० साली निन्टेन्डो या जपानी कंपनीचा खिशातला गेम अँड वॉच आला. योकोईचं म्हणणं असं, की नव्याकोऱ्या तंत्रामागे धावू नका. जुनं, स्वस्त, खाचाखोचा कळून चुकलेलं तंत्र उचला आणि भलत्याच कामाला जुंपा. आपल्याकडे डिझेल इंजिनवर मळणीपासून वरातीच्या गाडीपर्यंत सगळं चालवतात, त्यांना हे शिकवायची गरज नाही.

१९८९ साली निन्टेन्डोचाच गेम बॉय आला: १६० बाय १४४ ठिपके, हिरवट पडद्यावर चारच छटा, मागून दिवा नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, रंगीत आणि मागून उजळलेला. कागदावर लिंक्स कितीतरी पुढे. पण त्याला सहा सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलांवर पंधरा तास किंवा जास्तच काढायचा. रंग कुणाकडे होते हे आज थोड्यांना आठवतं. गेम बॉय, त्याच्या रंगीत भावंडासह, ११ कोटींहून जास्त खपला.

आता आजचा डबा. उदाहरणादाखल २०२२ साली बाजारात आलेला स्टीम डेक घ्या. १२८० बाय ८०० ठिपके, म्हणजे गेम बॉयच्या ४४ पट. त्याची मूळ बॅटरी ४० वॅट-तासांची. सगळं मिळून २० वॅटची ओढ असेल तर दोन तास, ८ वॅटची असेल तर पाच. या सगळ्या वॅटांची शेवटी उष्णता होते आणि ती पंख्याने बाहेर फेकावी लागते. इथे परभणी आडवी येते.

उष्णता किती वेगाने बाहेर जाईल हे चिप आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. चिप ९५ अंशांवर आणि खोली २५ वर असेल तर फरक ७०. खोली ४३ वर गेली की फरक ५२. तोच पंखा, तेवढेच फेरे, पण उष्णता बाहेर पडते चौथ्या हिश्श्याने कमी. मग चिप स्वतःच वेग उतरवते आणि गेम अडखळायला लागतो. स्टीम डेक बनवणाऱ्यांनी भोवतालच्या हवेची चांगली मर्यादा ३५ अंशांची सांगितली आहे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये ती सकाळच्या चहानंतर फार वेळ टिकत नाही. मी कूलरसमोर बसतो. कोरड्या हवेत पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे मेमध्ये तो आठ-दहा अंश सहज उतरवतो. जुलैच्या दमटपणात तोच कूलर नुसता आवाज करतो.

लिथियमच्या बॅटरीचं गणित तर आईच्या सेलाच्या उलटं. उष्णतेने तिच्यातल्याही क्रिया चपळ होतात, पण नको त्यासुद्धा: इलेक्ट्रोडवरचा, म्हणजे बॅटरीच्या आतल्या टोकावरचा, थर जाड होत जातो, लिथियम त्यात कायमचं अडकतं, बॅटरीची धारणक्षमता घटते. म्हणून साधारण ४५ अंशांच्या वर बहुतेक यंत्रं चार्जिंग थांबवतात. माझ्या डब्याने कठड्यावरून आल्यावर तोंड मिटलं ते त्याचमुळे.

उपाय जुनाच, ओढ कमी करा. चिप खात असलेली वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या, म्हणजे विजेच्या दाबाच्या, वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग उतरवला की व्होल्टेजही उतरवता येतं. दोन्ही २० टक्क्यांनी कमी केली तर वीज जवळपास निम्म्यावर येते. सेकंदाला ६० चित्रांऐवजी ३० चित्रं मागितली तर चिपला मध्ये दम खायला मिळतो, पंखा गप्प होतो. यूट्यूबवर लोक ६० खाली गेलं की नाक मुरडतात. त्यांनी एकदा आमच्या गच्चीवर यावं.

मला या डब्यांचं सगळ्यात आवडतं बटण मात्र झोपेचं आहे. दाबलं की गेम आहे तिथे थिजतो. चिप निजते, फक्त मेमरीला थेंब थेंब वीज मिळत राहते, कारण तिथली माहिती गळक्या रांजणासारख्या, वीज साठवणाऱ्या सूक्ष्म कपॅसिटरांत असते आणि सेकंदातून कितीतरी वेळा ती पुन्हा भरावी लागते. तपोवन एक्स्प्रेसमध्ये जालन्याला भेळवाला आला, बटण दाबलं. भेळ संपली, पुन्हा दाबलं, उडी अर्धवट राहिलेला गडी तिथूनच पुढे. मोबाईलवर खेळताना हे सुख मिळत नाही. तिथे मधेच कुणाचा तरी शुभ सकाळचा गुलाब येतो, आणि गेमही म्हणतो थांबू नका, रोज या. माझ्या दिवसात सलग दोन तास कधीच नसतात. दहा-दहा मिनिटांचे तुकडे असतात, आणि या डब्याला ते चालतात.

संध्याकाळी पुन्हा लाईट गेली. भाच्याने ओट्यावर बसून, न सांगता, चित्रांचा वेग ३० वर आणला, पडद्याचा उजेड कमी केला. कोपऱ्यात वॅटचा आकडा दिसत राहील अशी सोय मी त्याला दाखवून ठेवली होती.

"मामा, सात वॅट."

"टाकीत किती राहिलंय?"

"अर्धी."

रिमोटचे सेल पुढे आठ दिवस चालले. काल आईने ते परत कठड्यावर ठेवलेत.