गाडीचं स्केच आणि गाडीचं चित्र: आधी दार बघा

नव्या गाडीबरोबर कंपनीने दिलेलं डिझाइन स्केच बघून ‘काय पेंटिंग आहे!’ म्हणणारे भेटतात. ज्याने आयुष्यभर कॅनव्हासवर गाड्या रंगवल्या, त्याला ‘पुढचं मॉडेल कसं येईल ते काढून दाखवा ना’ म्हणणारेही भेटतात. दोघंही गाड्याच काढतात, मग टाका एकाच पंक्तीला. ही गल्लत इतक्यांदा ऐकली आहे की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

डिझाइन स्केच तुमच्या ओळखीचं आहे, त्यामुळे तिथे रेंगाळत नाही. छत दाबलेलं, काचा चिरेएवढ्या, चाकं अवाढव्य, मागे कोरा कागद किंवा रंगाचा एखादा फराटा. ते काढलेलं असतं स्टुडिओतल्या माणसांसाठी: क्ले मॉडेल, म्हणजे गाडीचा मातीचा नमुना, करणाऱ्याला पृष्ठभाग कुठे वळतो ते कळावं, आणि वरच्यांनी होकार द्यावा. होकार मिळाला की त्याचं काम संपलं.

चित्र वेगळं कशाने ठरतं, यावर सांगितली जाणारी नेहमीची उत्तरं झटपट निकालात काढू. साधनाने ठरत नाही. चित्रकार डॉन एडीने 1970 च्या आसपास बंपर आणि हेडलाइटची चित्रं एअरब्रशने, म्हणजे हवेच्या झोताने रंग फवारून, केली, आणि एअरब्रश डिझाइन स्टुडिओंतही होताच. हल्ली तर दोघांच्याही हातात टॅबलेट असतो. सफाईनेही ठरत नाही. घोटून गुळगुळीत केलेली रेंडरिंग्ज, म्हणजे रंगवून पूर्ण केलेली डिझाइन स्केचेस, असतात आणि ढोबळ, भरभर मारलेल्या फटकाऱ्यांची उत्तम चित्रंही असतात. चाकांचं म्हणाल, तर डिझाइनर ती जाणूनबुजून फुगवतो. चित्रकाराने फुगवली तर बहुधा त्याला तिरक्या दिसणाऱ्या चाकाचा लंबगोल नीट बसवता आलेला नसतो. (त्या लंबगोलाचा आखूड अक्ष चाकाच्या आसाच्या रेषेत आलाच पाहिजे. एवढं पाळलं तरी निम्मी वाईट चित्रं सुधारतील.) राहिलं गाडीवरच नक्षी रंगवणं. 1979 मध्ये चित्रकार अँडी वॉरहॉलने बीएमडब्ल्यू एम1 स्वतःच्या हाताने अर्ध्या तासाच्या आत रंगवली आणि ती ले मान्सच्या शर्यतीत धावलीही. पण तिथे गाडी हाच कॅनव्हास आहे. तो विषयच निराळा.

सगळ्यांत फसवं उत्तर म्हणजे ‘डिझाइनर नसलेली गाडी काढतो, चित्रकार असलेली’. ऐकायला चोख आहे, पण सिड मीड समोर ठेवला की कोलमडतं. फोर्डच्या स्टुडिओतून बाहेर पडलेल्या या माणसाने 1960 च्या दशकात यूएस स्टील या पोलाद कंपनीसाठी कुठेच नसलेल्या गाड्या काढल्या, आणि तरी ती पक्की चित्रं आहेत. का, ते गाडीच्या दारात दिसतं.

गाडीचा रंग म्हणजे निम्मा आरसा. वरच्या पारदर्शक थरात भोवतालचं सगळं उमटतं. बॉनेट आणि छत वर तोंड करून असतात, ते आकाश घेतात. दाराचा खालचा भाग आत वळतो, तो जमीन घेतो. मधे कुठेतरी क्षितिज येतं. इथपर्यंत दोघांचं गणित सारखंच आहे. फरक पडतो तो हे आकाश, ही जमीन, हे क्षितिज आणायचं कुठून, यात.

डिझाइनर ते ठरलेल्या साच्यातून आणतो. वर फिकट होत जाणारं आभाळ, मधे एक गडद पट्टा, खाली उजळ सपाट जमीन. झाड नाही, भिंत नाही, माणूस नाही. हे ओसाड माळरान पृथ्वीवर कुठेच नाही आणि असायची गरजही नाही. तो गडद पट्टा पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत कसा धावतो, यावरून पृष्ठभागाचा आकार वाचता येतो. पट्टा मधेच मोडला तर तिथे घडी आहे, फुगला तर तिथे पोट आहे. पुढे क्ले मॉडेलवर चकचकीत फिल्म ताणतात, संगणकावर झेब्र्यासारखे पट्टे टाकतात, तेही याचसाठी. म्हणजे स्केचमधलं प्रतिबिंब पत्र्याबद्दल बोलतं.

चित्रातलं प्रतिबिंब जागेबद्दल बोलतं. समजा लाल गाडी, पाऊस नुकताच थांबलेला, संध्याकाळ. बॉनेट लाल नसणारच; तुम्ही त्याच्याकडे तिरकस कोनातून बघताय, म्हणून तिथे जवळजवळ नुसतं राखाडी आभाळ आहे. लाल खरा दिसतो तो दाराच्या त्या भागात, जिथे समोरच्या इमारतीची काळोखी पडली आहे. प्रतिबिंब अंधारं असतं तिथेच पत्र्याचा मूळ रंग वर येतो. खाली ओल्या रस्त्यावरच्या दिव्याची पिवळी रेघ, आणि दार बाहेरून फुगीर असल्यामुळे ती आख्खी इमारत चिमटून वीतभर झालेली. हे सगळं तिथेच, त्याच वेळी शक्य आहे. गाडी दहा पावलं पुढे घेतली तर दार पुन्हा रंगवावं लागेल. डिझाइनरचं स्केच उचलून कुठेही ठेवा, काहीच बदलत नाही.

म्हणून माझी कसोटी एकच: मागचं दृश्य हाताने झाका आणि नुसतं दार बघून गाडी कुठे उभी आहे ते सांगा. सांगता आलं तर चित्र. मीडच्या गाड्या काल्पनिक आहेत, पण त्यांच्या पत्र्यात त्यांचं ते काल्पनिक शहर उमटलेलं असतं.

मग धुळीने माखलेल्या गाडीचं काय, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. चित्रकार पीटर हेल्कने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शर्यती रंगवल्या. 1908 ची व्हँडरबिल्ट कप शर्यत जिंकणारी लोकोमोबिल गाडी पुढे त्याच्याच मालकीची होती, तेव्हा गाडी त्याला आतून-बाहेरून ठाऊक होती. त्या चित्रांत चकाकी बेताचीच. पण धुळीने प्रतिबिंब मारलं, हीसुद्धा रस्त्याचीच बातमी झाली. रेंडरिंगवर धूळ पाहिली आहे कधी?

जाहिरातीतली चित्रं मधे कुठेतरी पडतात. 1959 पासून दशकभराहून अधिक काळ आर्ट फिट्झपॅट्रिक पाँटिअ‍ॅक कंपनीची गाडी काढायचा आणि व्हॅन कॉफमन मागचं दृश्य. गाडी थोडी रुंद केलेली असे, विकायची होती ना. तरी मी ती चित्रांत धरतो. दोन हात, पण ऊन एकच.

मला खरा राग येतो तो तिसऱ्याच प्रकाराचा. कंपनीच्या स्टुडिओत काढलेला फोटो घ्यायचा, गाडी जशीच्या तशी उतरवायची आणि मागे समुद्रावरचा सूर्यास्त चिकटवायचा. दारावर स्टुडिओच्या दिव्यांचे लांबलचक पांढरे पट्टे, मागे केशरी आभाळ, आणि दोघांची ओळखदेख नाही. मेहनत दिसते, कौतुकही होतं. पण ते ना स्केच आहे ना चित्र. त्यापेक्षा कोऱ्या कागदावरचं प्रामाणिक रेंडरिंग बरं.

स्वतःच्या गाडीचं चित्र करून घ्यायचं असेल, तर चित्रकार काय विचारतो इकडे लक्ष द्या. मॉडेल, साल आणि रंगाचा कोड एवढंच विचारून तो कामाला लागला, तर तुम्हाला गाडीचा पत्रा मिळेल. गाडी कुठे उभी असते, कुठल्या वेळी काढू, समोर झाड आहे की भिंत, हे विचारणारा सापडला तर त्याला वेळ द्या आणि घाई करू नका. फोटो पाठवताना गाडीच्या समोरच्या बाजूचाही एक पाठवा, म्हणजे गाडीकडे पाठ करून काढलेला. दारात तेच रंगवायचं असतं.