तिवरांचं जंगल आणि खालचा चिखल

ठाण्याच्या खाडीकाठी ओहोटीला उभं राहिलं की चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी मुळं दिसतात. ही तिवराची, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या खारफुटीतल्या एका झाडाची, श्वसनमुळं. चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच, म्हणून मुळांना हवेसाठी डोकं वर काढावं लागतं. त्याच कारणाने तिथे पडलेला पालापाचोळा धड कुजत नाही. झाडांनी हवेतून ओढून घेतलेला कार्बन शतकानुशतकं गाळात दबून राहतो.

मुंबईने मात्र या जागेकडे कायम भरावाची जमीन म्हणूनच पाहिलं. शहरच मुळात बेटांमधली खाडी बुजवून वाढलेलं. १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेने खारफुटीला संरक्षण दिलं खरं, पण राडारोडा पडतच राहिला. झाडं मारायला कुऱ्हाडही लागत नाही. भरतीचं पाणी बांध घालून अडवलं की झाडं उभ्या उभ्या वाळतात. तोडलं कोणी, हे विचारायलाही मग जागा उरत नाही.

२००४ साली बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप ही संस्था खारफुटी वाचवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेली. पुढच्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीचं पात्र आणि तिच्या काठची खाजणं, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदली, किती आक्रसली होती, ते त्या रात्री घराघरांत शिरलेल्या पाण्याने दाखवलं. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने राज्यभर खारफुटीची तोड आणि तिच्याभोवती ५० मीटरपर्यंतचं बांधकाम थांबवलं. सरकारी जमिनीवरच्या खारफुटीला वनाचा दर्जा द्यायला सांगितलं. माझ्या मते खरी कलाटणी हीच. ज्याला पडीक म्हणत होते, ते कागदोपत्री जंगल झालं आणि त्याला राखणदार मिळाला. २०१२ मध्ये वनखात्याचा कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्ष उभा राहिला, २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं.

२०१८च्या अंतिम निकालात न्यायालय आणखी पुढे गेलं: खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचाच भंग. सार्वजनिक प्रकल्पासाठीही आता न्यायालयाची परवानगी लागते. ती मिळतेही. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार झाडं तोडायला मिळाली, बदल्यात दुसरीकडे लागवड करायच्या अटीवर. रोप नव्या चिखलात रुजेलही. जुना चिखल उकरला, त्याला हवा लागली, की त्यात दबलेला कार्बन मात्र पुन्हा आकाशात जायला लागतो.