वॉट आणि वॉट-अवर: घडीच्या ई-स्कूटरवरील दोन आकडे

घडी घालून हातात उचलता येणारी, उभ्याने चालवायची इलेक्ट्रिक स्कूटर निवडताना माहितीपत्रकात दोन आकडे हमखास दिसतात: मोटरचे वॉट आणि बॅटरीचे वॉट-अवर. शाओमीच्या एम३६५ या मॉडेलची मोटर २५० वॉटची आणि बॅटरी २८० वॉट-अवरची आहे. आकडे इतके जवळचे की दोन्ही एकाच गुणाविषयी सांगत असावेत असे वाटते. वास्तविक वॉट हे मोटर एखाद्या क्षणी किती वेगाने ऊर्जा खर्चून काम करू शकते याचे माप आहे, तर वॉट-अवर हे बॅटरीत साठलेल्या एकूण ऊर्जेचे. वीजबिलावरील एक युनिट म्हणजे १,००० वॉट-अवर. त्या हिशेबाने ही बॅटरी पूर्ण भरली तरी तिच्यात पाव युनिटाहून थोडीच अधिक वीज मावते.

सेगवे-नाइनबॉटच्या ईएस२ची मोटर ३०० वॉटची, म्हणजे एम३६५पेक्षा मोठी, पण बॅटरी १८७ वॉट-अवरचीच आहे. दोन्हींचे वजन साडेबारा किलो आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटर. मात्र एका चार्जिंगमध्ये कापायचे अंतर कंपन्यांच्या दाव्यानुसार ईएस२साठी २५, तर एम३६५साठी ३० किलोमीटर आहे. मोठ्या मोटरची स्कूटर अधिक दूर जाईल हा समज येथेच गळून पडतो.

हे दावे सपाट रस्ता आणि मंद वेग गृहीत धरून केलेले असतात. थांबत-निघत जाणाऱ्या शहरी वाहतुकीत दर किलोमीटरला १५ वॉट-अवर खर्च धरणे अधिक सुरक्षित. त्या दराने स्टेशनपासून कार्यालयापर्यंत तीन किलोमीटर जाऊन परत यायला ९० वॉट-अवर लागतात, म्हणजे ईएस२ची लहान बॅटरीही पुरून उरते. मोठ्या बॅटरीचा मोह माझ्या मते अशा प्रवासात बहुधा अनाठायी असतो, कारण वाढलेले प्रत्येक वॉट-अवर स्टेशनच्या जिन्यावर हातानेच वर न्यावे लागते; एम३६५ प्रोची बॅटरी ४७४ वॉट-अवरची, पण वजनही १४.२ किलो आहे.

चढावर मात्र प्रश्न वॉटचा असतो. चालक आणि स्कूटर मिळून ९० किलो वजन धरले आणि रस्ता दर २० मीटरला एक मीटर चढत असला, तर ताशी २५ किलोमीटर वेग टिकवण्यासाठी नुसते ते वजन वर नेण्यातच सुमारे ३०० वॉट खर्ची पडतात. हवेचा आणि चाकांचा अवरोध वेगळाच. त्यामुळे २५० वॉटच्या मोटरचा वेग उड्डाणपुलावर कमी होणे हा बिघाड नव्हे, आणि बॅटरी मोठी घेतल्याने तो सुधारतही नाही. येथे आणखी एक मेख आहे: काही विक्रेते मोटरची सातत्याने पेलता येणारी क्षमता न सांगता काही क्षणांपुरती मिळणारी कमाल क्षमता ठळक छापतात. एम३६५चीच कमाल क्षमता ५०० वॉट आहे.

भारतीय नियमांच्या दृष्टीनेही हा फरक महत्त्वाचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बॅटरीवरील वाहनाला नोंदणी आणि परवान्यातून सूट मिळण्यासाठी मोटरची तीस मिनिटे टिकणारी क्षमता २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा लागतो, शिवाय पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तसे तपासून प्रमाणित केलेले असावे लागते. म्हणजे मर्यादा वॉटवर आहे, वॉट-अवरवर नाही. आणि ‘२५० वॉट’ अशा छापील आकड्याने काहीच सिद्ध होत नाही, त्यामुळे आयात केलेली स्कूटर घेण्यापूर्वी प्रमाणपत्र मागावे.

पुष्कळ जाहिरातींत वॉट-अवर दिलेलेच नसतात, फक्त ‘१० अँपिअर-अवर’ असे लिहिलेले असते. व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार केला की वॉट-अवर मिळतात, त्यामुळे तीच १० अँपिअर-अवरची बॅटरी २४ व्होल्टची असल्यास २४०, ३६ व्होल्टची असल्यास ३६० आणि ४८ व्होल्टची असल्यास ४८० वॉट-अवरची ठरते.