कोविड किती पसरतो हे ठरवते कोण: विषाणू की प्रतिकारशक्ती?

एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘आयसीएमआर’ला (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) विचारले होते, आरटीपीसीआर चाचणीत सीटी व्हॅल्यूची मर्यादा ३५ वरून २४ वर आणता येईल का? उत्तर आले, नाही. तसे केले तर संसर्ग पसरवू शकणारे बरेच रुग्ण निसटतील. नमुन्यातला विषाणू दिसेपर्यंत यंत्राला किती आवर्तने करावी लागली, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. तो सुमारे ३.३ने कमी झाला की विषाणू दहापट. त्या दिवसांत लोक हा आकडा आणि एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा, २५पैकीचा स्कोअर यांची सर्रास गल्लत करत. फुप्फुस किती बिघडले आणि नाका-घशातून किती विषाणू बाहेर पडतोय, हे दोन निराळे प्रश्न. लसीवरून पुढे झालेले बरेचसे वाद ही गल्लत टाळली असती तर झालेच नसते.

नवा व्हेरियंट, म्हणजे विषाणूचा बदललेला प्रकार, दोन वाटांनी पुढे सरकतो. एक, मुळातच जास्त पसरणे. दोन, आधीच्या प्रतिकारशक्तीला चकवणे. इंग्लंडमधला अल्फा प्रामुख्याने पहिल्या वाटेचा. विदर्भात फेब्रुवारी २०२१मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ भागात रुग्ण वाढले, त्यानंतरच्या महिन्यांत डेल्टाने जोर धरला. त्याच्याकडे पहिली वाट भक्कम होती आणि दुसरीही थोडीफार. पी६८१आर या बदलामुळे त्याचा स्पाइक (विषाणूवरचे काट्यासारखे प्रथिन) पेशीत शिरण्यासाठी लवकर सज्ज होई. चीनमध्ये ग्वांगडाँग प्रांतात विलगीकरणातल्या संपर्कांची रोज तपासणी झाली, तेव्हा डेल्टा सरासरी चौथ्या दिवशीच चाचणीत सापडू लागला. २०२०च्या विषाणूला सहा दिवस लागत. पहिल्याच पॉझिटिव्ह नमुन्यात विषाणू सुमारे हजारपट होता. म्हणजे संपर्क शोधणारी माणसे दारात पोहोचेपर्यंत पुढची साखळी सुरू झालेली.

मग लसीचा प्रश्न आला. जुलै २०२१मध्ये अमेरिकेत प्रॉव्हिन्सटाउन या पर्यटनाच्या गावात गर्दी झाली आणि मॅसॅच्युसेट्सचे ४६९ रहिवासी बाधित निघाले. त्यांतल्या ७४ टक्क्यांचे लसीकरण पूर्ण झाले होते. लस घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची सीटी व्हॅल्यू जवळपास सारखीच. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने लस घेतलेल्यांनाही, जिथे संसर्ग जास्त तिथे, बंद जागेत पुन्हा मास्क घालायला सांगितले. लस पसरणे थांबवत नाही, असा बोभाटा झाला. पण ही एकाच दिवसाची मोजणी होती. ते प्रमाण किती दिवस टिकते, हे त्यातून कळत नव्हते.

ते कळले बास्केटबॉलमुळे. अमेरिकेतल्या एनबीए संघांचे खेळाडू आणि कर्मचारी यांची चाचणी वारंवार होत असल्याने संसर्गाचा चढ-उतार दिवसागणिक नोंदला गेला. विषाणूचे शिखर दोन्ही गटांत जवळपास सारखे, पण तो नाहीसा व्हायला लस घेतलेल्यांना साधारण ५.५ दिवस लागले, बाकीच्यांना ७.५. (नमुना तरुण, धडधाकट पुरुषांचा होता, हे विसरायचे नाही.) दोन दिवस किरकोळ वाटतात, पण एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला ते किरकोळ नाहीत.

नोव्हेंबर २०२१मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनची वर्दी दिली आणि हिशेब उलटला. याच एनबीए नोंदींत ओमायक्रॉनचे शिखर डेल्टापेक्षा खाली होते. तरीही तो वणव्यासारखा पसरला, कारण स्पाइकमधल्या तीसहून अधिक बदलांनी दुसरी वाट मोकळी केली होती. डेन्मार्कच्या घराघरांतली आकडेवारी इथे बोलकी आहे. घरात एक ओमायक्रॉनबाधित असला तर ३१ टक्के संपर्कांना लागण होई, डेल्टात २१ टक्के. लस न घेतलेल्यांमध्ये दोन्ही व्हेरियंटमध्ये फारसा फरक दिसला नाही. लसीकरण पूर्ण झालेल्यांना मात्र ओमायक्रॉनची लागण होण्याची शक्यता डेल्टाच्या अडीचपटीहून जास्त होती. एवढे झाल्यावर ‘हा विषाणू मुळातच किती संसर्गजन्य’ असे प्रतिकारशक्ती वगळून विचारण्यात फारसा अर्थ उरला नाही.

म्हणून लस कुचकामी ठरली का? कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांतल्या ओमायक्रॉन लाटेचा अभ्यास वेगळे सांगतो. लस न घेतलेल्या बाधिताकडून निकटच्या कैद्याला लागण होण्याचा धोका ३६ टक्के, लस घेतलेल्याकडून २८. नुसती लस किंवा नुसता आधीचा संसर्ग असेल तर दुसऱ्याला देण्याची शक्यता जेमतेम पाव हिश्शाने घटली. दोन्ही असतील तर सुमारे ४० टक्क्यांनी. शिवाय शेवटच्या डोसनंतर दर पाच आठवड्यांनी तो धोका साधारण ६ टक्क्यांनी पुन्हा चढत गेला.