निवृत्त लोकसेवकासाठी पद्म पुरस्काराचं नामांकन: पात्रता, कागदपत्रं आणि आठशे शब्दांचं टिपण

आरोग्य उपकेंद्रात तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या सिस्टर निवृत्त होतात तेव्हा शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळतं. भाषणं होतात. कुणीतरी भरल्या गळ्याने म्हणतं, "बाईंना खरं तर पद्मश्रीच मिळायला हवी." टाळ्या पडतात आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये म्हणून हे लिहीत आहे. कारण ते वाक्य बोलणाऱ्या माणसाला नामांकन स्वतःच करता येतं. आमदाराचं पत्र लागत नाही, मंत्रालयात ओळख लागत नाही, शुल्क तर अजिबात नाही. "तुमचं नाव लावून देतो" म्हणत कुणी पैसे मागत असेल, तर तो फसवतोय हे पक्कं समजा.

पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. विशिष्ट सेवेसाठी पद्मश्री, उच्च दर्जाच्या विशिष्ट सेवेसाठी पद्मभूषण आणि असाधारण विशिष्ट सेवेसाठी पद्मविभूषण अशा तीन पायऱ्या आहेत. भारतरत्न याहून वेगळं. त्याची शिफारस पंतप्रधान राष्ट्रपतींना करतात, त्यासाठी लोकांकडून रीतसर अर्ज मागवले जात नाहीत. पद्मसाठी मात्र कुणीही नागरिक दुसऱ्याचं नाव सुचवू शकतो, स्वतःचंही सुचवू शकतो. राज्य सरकारं, केंद्रीय मंत्रालयं, आधीचे भारतरत्न आणि पद्मविभूषण मानकरी यांच्याकडूनही शिफारशी जातात, पण नागरिकाचं नामांकनही त्याच समितीपुढे जातं.

कोण पात्र, कोण नाही

जात, धर्म, लिंग, हुद्दा, व्यवसाय यांची आडकाठी नाही. शिपाई असो की सचिव, दार एकच. पण सरकारी नोकरांसाठी एक नियम आहे आणि बरीच नामांकनं तिथेच अडकू शकतात: सेवेत असलेला सरकारी कर्मचारी पात्र नसतो. यात सार्वजनिक क्षेत्रातल्या उपक्रमांचे कर्मचारीही आले. अपवाद फक्त डॉक्टर आणि शास्त्रज्ञांचा. म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांचं नाव नोकरीत असतानाही देता येतं, पण त्याच रुग्णालयातल्या परिचारिकेचं नाव निवृत्तीनंतरच. हा भेद मला खटकतो, पण नियम आज असा आहे. सेवेतल्या परिचारिकांसाठी राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार आणि शाळेत शिकवत असलेल्यांसाठी राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार हे वेगळे मार्ग आहेत; निवृत्तीला वेळ असेल तर ते आधी पाहावेत.

मरणोत्तर पुरस्कार सहसा दिला जात नाही. फारच योग्य वाटलं तर सरकार विचार करतं, इतकंच. म्हणून "पुढच्या वर्षी बघू" असं म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती. वनखात्यात उमर घालवलेल्या मारुती चितमपल्लींना पद्मश्री जाहीर झाली ती जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते गेले. सन्मान त्यांच्या हयातीत पोचला, पण किती थोडक्यात!

आधी पद्मश्री मिळाली असेल आणि आता वरच्या पायरीसाठी नाव द्यायचं असेल, तर मधे किमान पाच वर्षं गेलेली असावीत. यातही अपवाद होऊ शकतो.

नुसती दीर्घ सेवा पुरत नाही

सरकारच्या निकषांतच हे स्पष्ट म्हटलेलं आहे: केवळ प्रदीर्घ सेवेसाठी पुरस्कार देऊ नये, कामात लोकसेवेचा अंश हवा, आणि आपल्या क्षेत्रातल्या नैपुण्याच्याही पलीकडे काहीतरी हवं. निवृत्त लोकसेवकाचं नामांकन करताना हा निकष कागदावर लिहून समोर चिकटवून ठेवावा. कारण आपल्याला सवय आहे ती सेवापुस्तकाच्या भाषेची. अमुक साली रुजू, तमुक साली बदली, मग पदोन्नती, एकही विभागीय चौकशी नाही, गोपनीय अहवाल उत्कृष्ट. हे सगळं खरं असेल, पण यातून माणूस दिसत नाही. चोख नोकरी करणारी हजारो माणसं या देशात आहेत आणि त्यांच्याबद्दल आदरच आहे. समितीला मात्र पाहायचं असतं की या माणसाने नेमून दिलेल्या कामापलीकडे काय केलं आणि त्याने कुणाचं आयुष्य बदललं.

अर्जात सोबत जातं ते जास्तीत जास्त आठशे शब्दांचं टिपण. सगळा जीव त्यात ओता. दोन नमुने पाहा. पहिला असा: "श्रीमती अमुक यांनी तेहतीस वर्षे अत्यंत निष्ठेने, प्रामाणिकपणे व समर्पित भावनेने रुग्णसेवा केली. त्यांचा स्वभाव मनमिळाऊ असून त्या सर्वांच्या लाडक्या होत्या." यातली सगळी विशेषणं कुठल्याही सिस्टरला लागू पडतात. आता दुसरा: "पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की चार पाडे तुटत. बाळंतिणीला आणायला वाट नसे. सिस्टरांनी गरोदर बायकांच्या तारखा एका वहीत मांडल्या आणि ज्यांचे दिवस पावसात भरणार, त्यांना आधीच उपकेंद्राजवळच्या घरांत आणून ठेवायला सुरुवात केली. घरं त्यांनीच गावकऱ्यांना विनवून मिळवली. पुढे शेजारच्या उपकेंद्रानेही हीच पद्धत उचलली." हे उदाहरण मी समजावण्यासाठी रचलं आहे, पण दुसऱ्या नमुन्यात अडचण काय होती, कोणी काय केलं, आणि त्यांच्यामागेही काय टिकलं हे तिन्ही दिसतं. विशेषण एकही नाही, तरी आदर वाटतो.

टिपणासाठी बसण्याआधी त्या व्यक्तीशी निवांत बोला आणि तिच्याइतकंच तिच्या हाताखाली काम केलेल्यांशी, ज्यांचं काम झालं त्यांच्याशी बोला. मोठं काम केलेली माणसं स्वतःबद्दल फार थोडं सांगतात. "त्यात काय एवढं, कामच होतं ते," हे त्यांचं नेहमीचं उत्तर. खरी गोष्ट तुम्हाला मदतनिसाकडून, कोतवालाकडून किंवा एखाद्या जुन्या विद्यार्थ्याकडून मिळेल. मराठीत मोकळेपणाने लिहून काढा, मग काटछाट करा. वाचणारी समिती दिल्लीची असते, तेव्हा शेवटचा मसुदा हिंदीत किंवा इंग्रजीत करणं सोयीचं. भाषांतर करताना मात्र साधी वाक्यं साधीच राहू द्या.

क्षेत्र कोणतं निवडायचं

कला, समाजकार्य, सार्वजनिक व्यवहार, विज्ञान व अभियांत्रिकी, व्यापार व उद्योग, वैद्यक, साहित्य व शिक्षण, नागरी सेवा, क्रीडा आणि "इतर" अशी क्षेत्रं आहेत. आयुष्यभर सरकारी नोकरी केली म्हणजे नागरी सेवाच, असं मनात धरू नका. त्या क्षेत्रात प्रशासनातलं कर्तृत्व मोजलं जातं. चितमपल्ली वनाधिकारी होते, पण त्यांना पद्मश्री मिळाली ती साहित्य व शिक्षण या क्षेत्रात, कारण जंगल त्यांनी मराठी वाचकाच्या घरात आणलं होतं. हिवरे बाजारचे पोपटराव पवार गावचे सरपंच होते. त्यांना २०२० साली समाजकार्यासाठी पद्मश्री मिळाली. तलाठ्याने लोकांना धरून पाणलोटाचं काम उभं केलं असेल, तर त्याचं खरं क्षेत्र समाजकार्यही असू शकतं. हुद्द्याकडे पाहून नाही, टिपणात जे सांगताय त्याकडे पाहून क्षेत्र ठरवा.

कागदपत्रं आणि अर्ज

नामांकन फक्त ऑनलाइन घेतलं जातं, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर. पत्ता: अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन. टपालाने किंवा हस्ते दिलेल्या फायलीचा उपयोग नाही. नामांकन करणाऱ्याने आधी स्वतःची नोंदणी करायची, मग चालू असलेल्या पुरस्कारांतून पद्म निवडून ठरावीक नमुना भरायचा.

ज्यांचं नाव देताय त्यांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता आणि संपर्क आधी लिहून घ्या. नाव आणि जन्मतारीख ओळखपत्राशी अक्षरशः जुळू द्या; सेवापुस्तकात एक आणि आधारवर दुसरीच तारीख, हे आपल्याकडे सर्रास सापडतं. बाकी पुराव्यांची एक फाइल स्वतःजवळ तयार ठेवा: निवृत्तीचा आदेश, आधी मिळालेले पुरस्कार, वर्तमानपत्रांची कात्रणं, ग्रामसभेचा ठराव, जुने फोटो. आकडा लिहाल त्याला कागद हवा. "शेकडो मुलांना शाळेत आणलं" म्हणायचं तर शाळेच्या हजेरीपटाचा आधार शोधा. जुनी नोंद मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, पण त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम महिने आधी सुरू करा. आणि फुगवून काही लिहू नका. पुढे पूर्वचारित्र्याची पडताळणी होते, आणि एका खोट्या ओळीने खरं कामही संशयात येतं.

मुदत दरवर्षी तीच नसते. २०२५च्या पुरस्कारांसाठी १ मे ते १५ सप्टेंबर २०२४ अशी मुदत होती. २०२६च्या पुरस्कारांसाठी नामांकन १५ मार्च २०२५ लाच उघडलं आणि सुरुवातीला ३१ जुलै ही शेवटची तारीख दिली होती. मार्चपासूनच पोर्टल पाहत राहिलेलं बरं. शेवटच्या रात्रीवर ठेवू नका.

पुढे काय होतं

पंतप्रधान दरवर्षी पद्म पुरस्कार समिती नेमतात. मंत्रिमंडळ सचिव अध्यक्ष असतात. गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा नामवंत व्यक्ती सदस्य असतात. समितीच्या शिफारशी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे मंजुरीला जातात. एका वर्षात १२० पेक्षा जास्त पुरस्कार द्यायचे नाहीत असं बंधन आहे, मात्र मरणोत्तर आणि परदेशी किंवा अनिवासी मानकरी त्यात मोजत नाहीत. म्हणूनच २०२५च्या यादीत १३९ नावं दिसली. एवढ्या मोठ्या देशातून एवढीच नावं, हे ध्यानात ठेवूनच नामांकन करावं आणि ज्यांचं केलं त्यांनाही तशी कल्पना द्यावी.

नावं प्रजासत्ताक दिनाच्या वेळी जाहीर होतात, आणि पुढे राष्ट्रपती भवनात राष्ट्रपतींच्या हस्ते सनद आणि पदक मिळतं. सोबत पदकाची छोटी प्रतिकृतीही मिळते, ती समारंभात लावता येते. रोख रक्कम नाही, रेल्वे-विमानाच्या भाड्यात सवलत नाही. आणि हा किताब नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद १८ ने किताब बंद केले आहेत. पद्म पुरस्कार त्यात बसतात का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला; १९९५ साली न्यायालयाने पुरस्कार वैध ठरवले, पण नावाच्या आधी किंवा मागे "पद्मश्री" लावायला मनाई केली. कौतुकाच्या भरात गावाच्या कमानीवर, लेटरहेडवर किंवा लग्नपत्रिकेत आपणच ते छापतो आणि मानकऱ्याला अडचणीत आणतो. तसा वापर झाला तर पुरस्कार काढून घेतला जाऊ शकतो.

यादीत नाव आलं नाही, तर पुढच्या वर्षी पोर्टल उघडेल तेव्हा पुन्हा नामांकन करा. तोवर टिपण त्या व्यक्तीला वाचून दाखवा. मूळ मराठीतलं.